आबांनी मला परत कामावर लावलं

शिरूरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायचे आणि राहायला होते दौंडला. आमचे हे रेल्वेत गार्ड, म्हणून रेल्वेचं क्वार्टर, आणि म्हणूनच रोज न्हावऱ्यावरून जाणारी एसटी. आई गेल्यापासून आबाही आमच्याकडंच होते. आबा म्हणजे माझे वडील. तेही रेल्वेतलेच, पण रुळांवरचे, गँगमन. सासऱ्यानं रूळ ठोकायचे आणि जावयानं त्यावरून झेंडी दाखवत जायचं, अशी आमच्या घराची प्रगती. हा विनोद माझा नाही, आबांचाच.

माझी पीएच.डी. राहून गेली होती. लग्न, दोन मुलं, पेपर तपासणी, घरातली आजारपणं, आणि बघता बघता चाळिशी मागं पडली. विषय मात्र डोक्यातून जात नव्हता. पेपर तपासायला शिरूरहून पुण्याला जाताना सणसवाडीला गाडी थांबली की खिडकीतून खोल्यांच्या रांगा दिसायच्या. काल-परवापर्यंत जिथं बाजरी डोलत होती तिथं पत्र्याच्या, एकाला एक चिकटलेल्या खोल्या. शेतकरी घरमालक झाला होता आणि खोल्यांमध्ये कुठून कुठून आलेली कारखान्यातली माणसं राहत होती. ही माणसं एका वर्षासाठी म्हणून येतात आणि दहा वर्षं का राहतात? आपलं गाव म्हणून ती नेमकं कुठलं सांगतात? मला हे शोधायचं होतं. तास, वर्ग आणि पोळ्या सांभाळून ते होणार नव्हतं.

त्यासाठी टीचर फेलोशिप नावाची एक फार चांगली गोष्ट होती. नोकरीत मुरलेल्या प्राध्यापकाला काही काळ कॉलेजातून मोकळं करायचं, पगार चालू ठेवायचा, आणि त्यानं तेवढ्या काळात संशोधन पुरं करायचं. पैसा दिल्लीचा, संमती संस्थेची. वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी मी त्या अटीच्या पलीकडं जाणार होते. म्हणजे मिळाली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मुलाखतीत एका गृहस्थांनी मला विचारलं, "या वयात कशाला हा उद्योग?" मी म्हटलं, "सर, तुमचं वय माझ्याहून जास्त आहे, तरी तुम्ही अजून मुलाखती घेताच आहात." बोलून गेले आणि मनात म्हटलं, गेली फेलोशिप. पण त्यांच्या शेजारचे म्हातारे प्राध्यापक इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. फेलोशिप मिळाली. ते कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. भाजी करपली, तीच सगळ्यांना खायला घातली.

अटी साध्या होत्या. कॉलेजात हजेरी लावायची नाही, तास घ्यायचे नाहीत, दुसरीकडं कुठं काम करायचं नाही, आणि दर तीन महिन्यांनी काय केलं ते कळवायचं. माझ्या जागी एक तरुण शिक्षक नेमले गेले. मी सकाळी एसटीमागं न धावता निवांत चहा प्यायला लागले. आठवड्यातले दोन-तीन दिवस सणसवाडी, उरलेले दिवस घरी, टेबलाशी. सणसवाडीच्या बायका मला खोलीत बसवून घ्यायच्या. कुणी लातूरची, कुणी बीडची, कुणी पार बिहारची. एकीनं तर माझं हिंदी ऐकून, "दीदी, आप मराठी में ही पूछो," असं सुनावलं. इतकी सुखात मी शाळा सुटल्यापासून कधी नव्हते.

आता आमच्या क्वार्टर्सच्या ओळीत काय चाललं होतं ते ऐका.

रेल्वेच्या वसाहतीत माणूस घरी असण्याची कारणं ठरलेली असतात. रात्रपाळी, साप्ताहिक सुट्टी, आजारपण, रिटायरमेंट. यातलं काहीच नाही, माणूस धडधाकट आहे, कामावर जायला बंदी आहे आणि पगार मात्र येतोय, याचा अर्थ तिथल्या लहान पोरालाही कळतो. माणूस सस्पेंड झालाय आणि चौकशी चालू आहे. त्यात मी दिवसभर टेबलाशी बसून लिहीत असायचे. मी आरोपपत्राला उत्तर लिहितेय अशी सगळ्यांची खात्री झाली. महिन्यामागून महिने उत्तर संपेना, तेव्हा गुन्हाही तसाच दांडगा असणार असं ठरलं. आणि मी वर्षापूर्वी स्टाफ मीटिंगमध्ये संस्थेच्या सचिवांना, "तुम्ही कधी वर्गावर उभे राहिलात का हो?" असं विचारलं होतं, ही बातमी आमच्या ह्यांनीच कौतुकानं वसाहतभर केली होती. मग काय, दुधात साखर.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फक्त शेजारणी फार प्रेमानं वागायला लागल्या होत्या. एक लिंबाचं लोणचं घेऊन आली आणि माझा हात धरून म्हणाली, "होईल सगळं नीट, तू खात-पीत जा." मला वाटलं, वाळलेय मी. समोरचे युनियनवाले काका म्हणाले, "मॅडम, दबायचं न्हाई. गरज पडली तर आपण हाय." पीएच.डी.साठी युनियन पाठीशी उभी राहते याचं मला भरून आलं. मी म्हटलं, "काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मी हे करू शकते." काकांनी खिन्नपणे मान हलवली.

आबांना मी सांगितलं होतं, नाही असं नाही. "पगारी रजा मिळालीय, लिहायला," एवढंच. त्यांनी "बरं" म्हटलं होतं. पुढं काही विचारलं नाही. का विचारलं नाही ते मला नंतर समजलं. तरुणपणी रुळाच्या एका कामात दुसऱ्याच्या चुकीपायी आबांना घरी बसावं लागलं होतं. त्या दिवसांत येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं, कसं झालं, आणि आबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या पोरीला आपण तसं विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी घरी असताना ते पेपरही आवाज न करता उलटायचे.

एका शनिवारी मी सणसवाडीहून परत आले. पाय धुळीनं माखलेले, पोटात कावळे. क्वार्टर्सच्या कोपऱ्यावरच लोणचंवाल्या बाईनं मला मिठी मारली. "सुटलीस बाई!" पुढच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "अभिनंदन मॅडम." युनियनवाले काका नुसते हसून हात हलवत होते. घरात आले तर आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीत ताठ बसलेले, पुढ्यात पेढ्याचा पुडा. अर्ध्याहून जास्त वाटून झाला होता.

"तोंड उघड," आबा म्हणाले आणि पेढा भरवला. "काम झालं. सोमवारपासनं हजर व्हायचं."

"कुठं?"

"कालिजात. मी आज सायबाला भेटून आलो शिरूरला. म्हणलं, पोरगी तापट हाय, पर कामाला वाघ हाय. तिच्या हातनं काय झालं आसंल तर पदरात घ्या आन् तिला परत कामावर घ्या. सायेब लई भला माणूस. लगेच व्हय म्हणाला. चा पाजला."

साहेब व्हय म्हणणारच. माझ्या जागी आलेले तरुण शिक्षक पुण्यात नोकरी लागल्याबरोबर सोडून गेले होते आणि भूगोलाची मुलं तासाविना बोंबलत होती. सचिव डोक्याला हात लावून बसलेले असताना माझे वडील आपल्या पायांनी चालत आले आणि म्हणाले, हिला कामावर घ्या. सचिवांना वाटलं, हिलाच संशोधनाचा कंटाळा आला. त्यांनी लगेच प्राचार्यांना फोन करून मला रुजू करून घ्यायला सांगितलं. आणि मी एकदा रुजू झाले की फेलोशिप तिथंच संपणार होती. परत मागायला वय नव्हतं.

पेढा माझ्या तोंडातच राहिला. मी आधी किंचाळले, मग रडले, आणि आमचे हे दारात उभे राहून हसत होते म्हणून त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबा नुसते बघत होते. सदऱ्याची कॉलर त्यांना टोचायला लागली असावी, सारखी सैल करत होते.

मी शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी तू काय चूक केली न्हाईस?"

"नाही आबा."

"मग घरी बसवून पगार कशाचा देत्यात?"

"विचार करायचा. शोधायचा आणि लिहायचा. मी मागितला, त्यांनी मुलाखत घेतली आणि दिला."

आबा उठले, सदरा काढून खुंटीला नीट अडकवला आणि म्हणाले, "सोमवारी मीबी येतो."

सोमवारी आम्ही दोघं सचिवांच्या ऑफिसात. प्राचार्यही होते. भला माणूस, फेलोशिपसाठी माझा अर्ज त्यांनीच पुढं रेटला होता, पण सचिवांपुढं त्यांचं फार चालायचं नाही. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात आबा म्हणाले, "तू गप." आयुष्यात पहिल्यांदा मी खरंच गप्प बसले.

"सायेब, शनिवारी मी जे मागितलं ते माघारी घेतो," आबा म्हणाले. "हिला परत घरी बसवा."

सचिवांनी प्राचार्यांकडं बघितलं. म्हाताऱ्याचं काही बिनसलंय का, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आबा, अहो परवा तर तुम्ही हात जोडत होता."

"जोडत हुतो. मला वाटलं, हिला शिक्षा झालीया. सायेब, आमच्या घरात आजवर घाम गाळला तवाच पैसा आला. घरी बसला त्याला काय मिळालं ते मी भोगलंय. बसून नुसता विचार कर, त्याचा पगार घे, आसं आमच्यातल्या कुणाला कुणी म्हणलं न्हाई. हिला म्हणालं. ते मला उमगलंच न्हाई, मी त्येला सजा समजलो." त्यांनी पुन्हा हात जोडले. "चूक माझी हाय. तिचं ते काढून घिऊ नका."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. सचिव खुर्चीत मागं टेकले. ते रागीट होते, हिशेबी होते, पण दगड नव्हते.

"ते सगळं ठीक आहे हो," ते म्हणाले. "पण मग पोरांना शिकवणार कोण?"

प्राचार्य खाकरले. "दुसरा माणूस मिळेपर्यंत मी घेतो, साहेब. मूळचा भूगोलाचाच आहे मी."

"तुम्ही? किती वर्षं झाली वर्गावर जाऊन. आठवतं का काही?"

"नद्या त्याच आहेत, साहेब," प्राचार्य म्हणाले.

सचिव हसले. मग आबा हसले. मी रडता रडता हसले आणि शिपायानं आणलेला चहा बशीत सांडला. सचिव मला म्हणाले, "जा, पुरं करा एकदाचं. आणि मॅडम, आता तरी मीटिंगमध्ये जरा सांभाळून." मी "हो" म्हटलं. पाळलं नाही, तो भाग वेगळा.

परतीच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. न्हावरं येईपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "तू नेमकं काय शोधतीस?"

इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी सांगायला लागले. सणसवाडीच्या खोल्या, बाजरीची गेलेली शेतं, घरमालकाच्या आणि भाडेकरूंच्या पोरांची एकत्र चाललेली भांडणं. गाव कुठलं विचारलं की बरेच पुरुष जन्माचं गाव सांगतात आणि बायका मात्र पाणी जिथं भरतात तिथलं नाव सांगतात, असं मला दिसायला लागलंय, पण ते खरं आहे का आणि तसं का होतं ते अजून कळलेलं नाही. आबा मान तिरकी करून ऐकत होते. मधेच पुढच्या सीटवरची बाईसुद्धा वळून ऐकायला लागली.

"म्हंजी हे अजून कुणालाच ठाव न्हाई?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. कुणालाच नाही."

"कुणी कुठं लिवून ठिवलं न्हाई?"

"नाही. मीच लिहिणार."

आबांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं, मी रुळावर पहिल्यांदा कामाला आलेली कुणी नवखी असावी तसं.

"मग आज सोमवार आसून तू माझ्याबरूबर गाडीत काय करतीस?" ते म्हणाले. "उद्या पहिल्या गाडीनं सणसवाडीला जा. डबा मी बांधतो."