वय आणि व्हय म्हाराजा

थोरल्या काकांचा मला राग होता आणि अजून आहे. ते जाऊन किती वर्षं झाली, पण माझ्या रागाला त्याचं काय! वाटण्या झाल्या तेव्हा बाव, म्हणजे विहीर, त्यांच्या हद्दीत गेली, पाणी मात्र दोन्ही घरांनी भरायचं, असं चार माणसांसमोर ठरलं होतं. गोवा सुटला त्याच्या आदल्या वर्षी, पाऊस सरल्यावर काकांनी हद्दीवर वय घातली, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. कारण काय, तर आमच्या गायीने त्यांची चवळी खाल्ली. गाय बांधा म्हणाले असते तर बांधली असती. पण अडवायची होती ती माझी आई.

आईचं सगळं त्या बावीवर चालायचं. खळं सारवायचं, गुरांना पाजायचं, लाल भाजीचे वाफे शिंपायचे. आता पाणी देवळाकडच्या बावीचं, चढण चढून आणायचं. एकदा मी शेणावरून घसरले आणि मडकं फोडून बसले. आईने मला काही म्हटलं नाही, वयीकडे तोंड करून मनसोक्त शिव्या घातल्या. बाबा म्हणाले, "राखण होवंदे. मगे गाववाल्यांका सांगतंय."

राखण म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवचाराला वर्षाचा कोंबडा. दोन्ही घरांची एकच राखण, वाडीतली माणसंही यायची. गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या काकांचा. ते एकेक मागणं मागत आणि पुरुषमंडळी हात जोडून होकार देत.

"पोराबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण ही वय ओलांडीत, तेचा काय ता तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज बाबांचा! जिभेची सवय, दुसरं काय. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड उतरलं. पण देवचारासमोर होकार दिलेला माणूस गाववाल्यांकडे कसली तक्रार नेणार? बावळटपणाची हद्द झाली, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं आणि मार खाल्ला.

शिमगा झाल्यावर एका दुपारी बावीकडून ओरडा ऐकू आला. काका शेवाळावर घसरले होते आणि पाय दुमडून पडले होते. काकी माहेरी गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. बाबा धावत सुटले ते वयीपर्यंत, आणि तिथेच खिळले.

"ये रे, उचल माका!" काका कळवळले.

"थयसर येव कसो, दादा? तूच गाराणा घातलंस मरे!"

"काय होवचा नाय, ये!"

बाबांना घाम फुटला, पण पाय उचलेना. मला तेव्हा दोघांचाही सारखाच संताप आला.

तेवढ्यात मागून आई आली. कमरेवर रिकामी कळशी. थोरल्या दिरासमोर तिने लग्नापासून कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"भावजी, व्हय म्हाराजा पुरुषांनी म्हटला. माका कोणी इचारूक नाय."

तिने काठीने काटे बाजूला सारले आणि आत शिरली. काकांना वळसा घालून बावीच्या काठावर गेली, कळशीला दोर बांधला आणि आत सोडली. काका विव्हळायचं विसरून बघत राहिले. कळशी काठोकाठ भरून कमरेवर घेतल्यावर ती मला म्हणाली, "जा गो, वाडीतल्यांका बोलाव. भावजींका उचलूक होया."

काकांचा पाय बरा होईपर्यंत वयीतून आमची वाट पडली होती. ती पुन्हा बुजवायची त्यांना हिंमत झाली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा ओसरीवर पडल्या चेहऱ्याने बसले होते. आईने त्याच कळशीतलं पाणी तांब्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. ते तांब्याला हात लावेनात.

"पिवा," आई म्हणाली. "तुमी खंय वय ओलांडल्यात?"