जाड केबलची वाट

आमच्या दादाला सगळे जाडतार म्हणतात. तो वायरमन. जिथे मोटर तिथे दादा, आणि जिथे दादा तिथे गिऱ्हाईक म्हणेल त्याहून एक नंबर जाड केबल. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे ते पुराण मला तोंडपाठ. हीटर बिचारा सरळमार्गी, ओढेल तेवढ्या करंटचं काम करून दाखवतो. मोटर लबाड. कामाला लागतो त्याहून जास्त करंट ओढते. जादाचा नुसता तारेतून ये-जा करतो, पण व्होल्टेज त्याच्यापायीही पडतं. सुरू होताना तर ती पाच-सहा पट ओढते. “नुसते वॉट बघून तार निवडली की मेलात,” तो म्हणायचा.

“म्हणजे तुमच्या मामांसारखं,” वहिनी म्हणायची. “काम शून्य, आणि वाट अडवायला पुढे.” दादा आधी रागवायचा, मग स्वतःच हसत सुटायचा.

त्याच वहिनीची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन देऊन घरी पाठवलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, आता थोडेच दिवस. दादाने मान डोलावली. मला वाटलं, कळलं त्याला.

तिची खाट रस्त्याकडच्या खोलीत होती. दिवसभर ट्रक, धूळ, हॉर्न. तिला एकच हवं होतं. मागे, आमच्या रोपवाटिकेच्या पार टोकाला तिची खोली होती, तिथे ती कलमं बांधायची. “मला तिथे न्या,” बस, एवढंच.

तिथे जुन्या बारीक तारेवर एक बल्ब होता. दादा म्हणाला, मशीनच्या पोटात कॉम्प्रेसर आहे, म्हणजे मोटरच, या तारेवर ते उठणार नाही. मी हट्टी. वहिनीला घटकाभर सिलिंडरवर ठेवून मशीन तिकडे नेलं. ते नुसतं कण्हलं आणि शिट्टी मारत बंद पडलं. मानलं मी.

दुकानात मधल्या जाडीची केबल होती. दादा अंतर, करंट, मोटरच्या लबाडीचा तो पॉवर फॅक्टर मांडत बसला आणि शेवटी मान हलवून म्हणाला, “नाही. रोपांच्या पाण्याचा पंपही याच लाइनवर येणार. दोन्ही एकदम सुरू झाले तर व्होल्टेज पडेल.” त्याने आणखी जाड मागवली. दुकानदार म्हणाला, उद्या येईल. मग परवा. मग गाडी वाटेत अडकली म्हणे.

“अरे, आहे ती टाक ना! घोडं कुठे पेंड खातंय?” मी ओरडले.

“लोकांच्या घरी मी कच्चं काम करत नाही. हिच्यासाठी करू?”

“नका गं भांडू,” वहिनी म्हणाली. तिला तेवढं बोलायलाही दम लागला. रोज सकाळी ती फक्त विचारायची, “आली का हो?” आणि दादा म्हणायचा, “आज येईल.”

ती गेली तीही रस्त्याकडच्याच खोलीत. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं.

केबल आली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. ते भलंमोठं वेटोळं अंगणात टाकून माणसं निघून गेली. सगळे पांगल्यावर मी दादाला गाठलं. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला होता. “पंप कशाला धरलास रे हिशेबात? कोणाला हवा होता पंप?”

“बरी झाली की ती दिवसभर तिथेच असणार होती,” तो म्हणाला. “एवढ्या रोपांना ती हाताने पाणी घालणार का? मी पुढच्या वीस वर्षांचा लोड धरला.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलं होतं.”

मला पुढे भांडताच येईना. तरी तोंडून निघून गेलंच, “मग ती मधली केबल चालली असती?”

दादा लहान पोरासारखा रडायला लागला. “चालली असती गं. पंप तेवढा बंद ठेवायचा होता.”