दिवसाला तीन पाइप

माझे सासरे वजनमापे निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले, लिटरची मापं पाण्यानं भरून पाहिली आणि खोटी निघाली ती जप्त केली. बाजारात त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. मी मामा म्हणायचो.

मामा पाइप ओढत. पाइप एकच होता, जाड लाकडाचा, आणि तो त्यांनी कधीही साफ केला नाही. ओढून झाला की टेबलाच्या काठावर दोनदा ठोकायचा, पडेल तेवढी राख पडू द्यायची आणि उरलेल्यावर नवी तंबाखू अंगठ्यानं दाबून भरायची.

लग्नानंतर नवाच जावई होतो, म्हणून मी जपून विचारलं, "मामा, हा आतून कधी खरवडत नाही का?"

"तुम्ही तवा साबणानं घासता का?"

मी तवा कशानंच घासत नव्हतो.

ते निवृत्त झाले त्या वर्षी त्यांची छाती घरघरायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाइप बंद करायला सांगितलं. मामा म्हणाले, "बंद वगैरे नको. आकडा सांगा." बाई म्हणाल्या, "तीन. त्यावर एकही नाही." मामांनी शब्द दिला. त्याआधी दिवसाला नऊ-दहा व्हायचे.

शब्द त्यांनी असा पाळला की घरच्यांना त्रास व्हायला लागला. माझ्या बायकोच्या बाळंतपणात ते दवाखान्याच्या फाटकाबाहेर सहा तास येरझारा घालत होते. त्या दिवसाचे तीन आधीच संपलेले, म्हणून रिकामा पाइप नुसता हातात धरून. दहा वर्षं अशी गेली. घरघर थांबली. बाई दरवेळी पाठीला नळी लावून खूश व्हायच्या, आणि मामा शर्टाची बटणं लावताना म्हणायचे, "शिस्त. दुसरं काही नाही."

मग त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी दोन दिवस दवाखान्यात राहायचं होतं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याबरोबर गेल्या आणि घर सांभाळायला मला ठेवलं. पहिल्या दिवशी मी खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या, नळाचा वायसर बदलला. दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मला पाइप दिसला.

त्याच्या वाटीत माझी करंगळीसुद्धा जात नव्हती. आत काजळीचा थर होता, कोळशासारखा कडक. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन मी दीड तास खरवडत बसलो. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर चहाचा कप भरेल एवढी काळी पूड पडली. दांडीतून तार घातल्यावर जे निघालं त्याचं वर्णन नको. शेवटी वाटीत माझा अंगठा आरामात फिरायला लागला. सासुरवाडीत आपण इतक्या वर्षांत एक तरी काम नीट केलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मामा आले. एका डोळ्यावर झाकण होतं. चहा झाल्यावर त्यांनी सवयीनं पाइप भरायला घेतला. चिमूट टाकली, आणखी टाकली, आणखी. "आजची तंबाखू फार दबतेय," म्हणाले. पण भरायचा तो काठोकाठ, हा नियम; तसा भरला आणि पेटवला.

"मी साफ केलाय, मामा."

"अस्सं. ओढतोय बरा."

एरवी चार-पाच मिनिटांत संपणारा पाइप पंधरा मिनिटं झाली तरी चालूच होता. मामांच्या कपाळावर घाम आला. चेहरा पांढरा पडला. "हे घर तिरकं झालंय का?" त्यांनी शांतपणे विचारलं, उठले, आणि बेसिनपाशी जाऊन भडाभडा ओकले.

मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मामांना पलंगावर टेकवलं, पाइप उचलून वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही घासलात?"

"हो."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"तेच म्हटलं."

डॉक्टरीणबाई घरी आल्या. डोळा शाबूत होता, नाडी जोरात होती. "किती ओढले?" त्यांनी विचारलं.

"एक," मामा म्हणाले. "तोही पुरा नाही."

बाईंचा विश्वास बसेना. तेव्हा मी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलेली काळी पूड कचऱ्यातून आणून दाखवली आणि सगळं सांगितलं. बाईंनी मामींना विचारलं, "तंबाखूचा डबा किती दिवस जातो?"

"पूर्वी आठवडा जायचा. आता दोन महिने."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"सहा वर्षं झाली," मामी म्हणाल्या. "वाटी बुजत चाललेली दिसत होती. बोलले असते तर यांनी त्याच दिवशी खरवडली असती. खोटं माप यांना घरात चाललं नसतं."

मामा छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे दहा वर्षं माझं माप कमी भरत होतं."

"गिऱ्हाइकाचा फायदाच झाला ना," बाई म्हणाल्या.

"असा निकाल मी कधी कोणाला दिलेला नाही."

दोन दिवस ते मामींशी कामापुरतं बोलले. माझ्याशी नेहमीपेक्षा अदबीनं बोलले, ते जास्त लागलं. ओकारीचं त्यांना काही वाटत नव्हतं. ज्या शिस्तीचा दहा वर्षं सगळ्यांसमोर उल्लेख केला ती काजळीची निघाली, हे त्यांना सहन होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाइपमध्ये पूर्वीएवढी चिमूटभर तंबाखू घालून पाहिली. ती तळाशी नुसती धुमसली आणि जीभ भाजली. अर्धी वाटी भरली तर पुन्हा गरगरलं.

"पहिल्यासारखा व्हायला किती दिवस लागतील?" त्यांनी मामींना विचारलं. दोन दिवसांतलं ते पहिलं बिनकामाचं वाक्य होतं.

"दहा वर्षं."

मामा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केलेला आम्हाला दिसला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले आणि बाईंना म्हणाले, "तीनचा शब्द रद्द समजा. तो पाळला गेला नव्हता. आता शून्य लिहा."

बाईंनी कागदावर शून्य लिहिलं. मामांनी खाली सही केली आणि तारीख घातली.

पुढचे सहा महिने घरात कोणी मोठ्यानं कप ठेवला तरी बोलणी खावी लागायची. मामी सगळं ऐकून घ्यायच्या आणि दारं हळू लावायच्या. एका संध्याकाळी मामा त्यांना म्हणाले, "सहा वर्षं फसवलंस मला."

"हो," मामी म्हणाल्या.

"आणि मला कळलं नाही."

"नाही कळलं."

मामांनी मान हलवली. ती कबुली होती की कौतुक, ते मला सांगता येणार नाही. मग दोघं चपला घालून फिरायला गेले, आणि जाताना मामींनी घराची किल्ली माझ्याकडे न देता शेजारच्या बाईंकडे दिली.