दलिचंदशेठची अभिनंदनाची तार

दिल्लीत सरकार बदललं की जळगावच्या आमच्या जिनिंगवाल्यांच्या संघातून अभिनंदनाची तार जायची. तार ऑफिसात ठरलेल्या मजकुरांची यादी असे, प्रत्येक मजकुराला एक आकडा. त्यातला निवडणुकीतल्या यशाबद्दलच्या अभिनंदनाचा आकडा संघाचा शिपाई सांगून येई. सरकार कोणाचंही असो, आकडा तोच. संघाचे अध्यक्ष दलिचंदशेठ म्हणत, सरकार आपल्याला छापील उत्तरं देतं, आपण छापील अभिनंदन करू, फिट्टंफाट.

१९९१ साली मात्र शेठचं बिनसलं.

कापूस खानदेशात पिकावा आणि सूत दुसऱ्यांनी काढावं, हे त्यांना सोसत नसे. स्वतःची सूतगिरणी काढायची तर दिल्लीचा परवाना हवा. त्यासाठी अकरा वर्षं दर हिवाळ्यात ते भरताच्या वांग्यांची करंडी घेऊन दिल्लीला जात. तिथल्या बाबूची बायको खानदेशी भरीत करायला शिकली, मुलगी शिकून सासरी गेली, पण शेठचा अर्ज टेबलावरून हलला नाही. अखेर एप्रिलात परवाना मिळाला. शेठनी तो काचेत बसवून पेढीवर टांगला आणि येईल त्याला चष्मा लावून वाचायला लावला.

आणि त्याच पावसाळ्यात नव्या सरकारनं बहुतेक उद्योगांची परवान्याची अटच काढून टाकली. त्यात सूतगिरणीही आली.

संघाची बैठक भरली. धुळ्याचा तरुण जिनिंगवाला गिरधर पेढे घेऊन आला होता. आता तोही गिरणी काढणार होता, दिल्ली न बघता. चिटणीस मोतीलालनं तारेचा कागद सहीसाठी पुढे सरकवला. शेठनी पेनाचं टोपण काढलं नाही.

मोतीलालनं जपून विचारलं, "धोरण पटलं नाही का, शेठ?"

"पटलं ना. संताप त्याचाच आहे. एका सहीनं उठणारं बंधन होतं, तर मला अकरा वर्षं बाकावर कशाला बसवलं?"

"तुमची वांगी तरी सुटली," गिरधर म्हणाला. दोघं-तिघं हसले.

शेठ हसले नाहीत. "पंचेचाळिसाव्या वर्षी अर्ज केला मी. आता गिरणी उभी राहील तेव्हा तिचा जिना चढायला मला माणूस लागेल. तू पेढे वाट."

मग त्यांनी मजकूर स्वतःच लिहिला: 'नव्या धोरणाबद्दल अभिनंदन. आमची अकरा वर्षं कोणत्या खात्याकडे मागावीत, ते कळवावे.'

संघाच्या नावानं असली तार जायची तर ठराव हवा, ठरावाला अनुमोदन हवं, ते देणार कोण, असं मोतीलाल पुटपुटत राहिला. खोलीत सगळ्यांना एकदम पेढे आवडू लागले.

गिरधरनं खोका बाजूला ठेवला. "माझं अनुमोदन. माझ्या वडलांचा, आबांचा अर्ज अजून तिथंच पडलाय. आबा गेले, त्याला चार वर्षं झाली."

तार गेली. महिन्याभरानं दिल्लीहून पाकीट आलं. आत छापील कार्ड: आपल्या शुभेच्छांबद्दल आभारी आहोत.

शेठनी ते दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि अकरा वर्षांच्या जाड फायलीत सगळ्यात वर लावलं.

"खात्याचं नाव कळवलेलं नाही," ते बायकोला, झमकूबाईंना म्हणाले. "बाजारात भरताची वांगी आली की सांग. दिल्लीला जावं लागेल."