होडीचं माहेर

छत्रपती संभाजीनगरात अशी एकही म्हातारी उरली नसेल, जिला माझ्या मामेसासऱ्यांनी माहेरचं आडनाव विचारलेलं नाही. बायकोचे हे थोरले मामा म्हणजे भूमितीचे निवृत्त मास्तर. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, जिथं पांढरे केस दिसतील तिथं ते खुर्ची ओढून बसतात. "माय, तुम्ही मूळच्या कोण?" एकदा दातांच्या दवाखान्यात भूल दिलेल्या बाईंनाही त्यांनी हेच विचारलं. बाईंनी हातवारे करून उत्तर दिलं आणि मामांना ते समजलंही. सगळे लोक बापाकडून वंशावळ काढतात, मामा ती बायकांकडून काढतात. "सात पिढ्यांचे बाप सांगत्यात," ते म्हणतात, "मग ते सात जण काय झाडाला लागले व्हते?" लग्नात आडनाव जातं, आणि ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की पाळण्यातलं नावही जातं. त्यामुळे मामांचं काम दुप्पट वाढतं आणि मामींचा वैतागही. "जगाची माहेरं धुंडाळत्यात," मामी म्हणतात, "मला सिल्लोडला माहेरी सोडा म्हणलं की यांचे गुडघे धरत्यात."

गुडघे धरले की गाडी मी चालवतो. कन्नडजवळच्या एका घरी मामांनी ओसरीवर टेकताच विचारलं, "तुमच्या लेकी कुठं कुठं देता?" घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पोहे आले, पोह्यांमागून पदर सावरत मुलगी आली, आणि तिच्या आजीनं माझ्या टकलापासून बुटापर्यंत नजर फिरवून सांगितलं, "पोरगा जरा थोराड वाटतोय." मी पन्नाशी ओलांडलेला, घरी दोन मुलं. मी घाम पुसत होतो. मामांनी शांतपणे पोहे संपवले आणि जाता जाता आजीबाईंचं माहेर विचारून घेतलं.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच बाई होती, मामांची सख्खी आजी. मामांचे वडील पाळण्यात असतानाच ती गेली. घरात दुसरी आली, पहिलीचं माहेर कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मागं उरली ती एक होडी. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, डोक्यावर तळणीचा फुलोरा टांगतात, त्यात सगळीकडे करंज्या असतात, वेणी-फणी असते. मामांच्या घरी त्यात कणकेची एक होडीही असते. तिला 'थोरलीची होडी' म्हणतात. मामांचं म्हणणं सरळ होतं. "आमच्या कन्नडकडच्या वढ्यात म्हैस धड बुडत नाय. मग होडी आली कुठनं?"

मामांच्या सिद्धांतानुसार ती गोदावरीवरून आली. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि मामांनी होडी डब्यात घालून मला पैठणच्या वाटेला लावलं. नदीकाठच्या गल्ल्यांतून आम्ही दारोदार डबा उघडून दाखवत होतो. एका बाईंनी किलोचा भाव विचारला. मी परत निघायच्या गोष्टी करू लागलो, तेवढ्यात एका पडवीतल्या थकलेल्या आजींनी डब्यात डोकावून पाहिलं आणि सुनेला हाक मारली. सून आतून त्यांचा फुलोरा घेऊन आली. त्यात दोन होड्या होत्या, आमच्या होडीसारखंच नाक मुरडलेल्या.

"एक घरची," आजी म्हणाल्या. "दुसरी चंद्रीची. माझी आत्यासासू. कन्नडकडं दिली व्हती, परत कधी आलीच नाय. तिच्या नावाची एक जास्तीची करायची, असं सासूबाईनं घालून दिलंय."

मामांनी चष्मा काढला. त्यांच्याजवळ विचारायचं इतकं होतं, पण आधी आजींनीच विचारलं, "नांदली का ती सुखानं?"

हा प्रश्न मामांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि मला वाटतं त्यांनी स्वतःलाही नाही. सिद्धतेशिवाय न बोलणारा माणूस. त्यांनी डब्यातली होडी बोटानं सरळ केली.

"लवकर गेली, माय," ते म्हणाले. "पण तिच्यामागं तिच्या सासूनं तिची होडी बंद केली नाय. अजून तळतो आम्ही."

आजींनी मान हलवली. मग सुनेकडून तांदूळ, नारळ आणि खण मागवला आणि म्हणाल्या, "माहेरवाशीण रिकामी धाडू नये." मामांनी खांद्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी पसरला आणि आपल्या आजीची ओटी भरून घेतली.

परतीच्या वाटेवर ती ओटी त्यांनी मांडीवर धरली होती. बरंच अंतर कापल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्यासाठी इतकी वर्षं घालवली, ते आडनावच विचारायचं राहिलं. गाडी वळवू का, म्हणून मी विचारलं.

"राहू द्या, जावईबापू," मामा म्हणाले. "आता येणं-जाणं राहीलच की."