घटाची माती आणि माझे धुतलेले पाय

वाचकहो, गव्हावर गहू आणि त्यावर पुन्हा गहूच पेरायचा, हे तुमच्या घरी कोण ठरवतं?

आमच्या घरी विहीर ठरवायची. ज्या वावरात विहीर, त्या वावरात गहू. आबांनी हेच केलं, आबांच्या आबांनीही हेच केलं. गव्हाला मात्र ही वतनदारी मानवेनाशी झाली होती. हिरवंगार वावर पौष लागला की मधूनमधून पिवळं पडायचं, ओंब्या पांढऱ्या आणि पोकळ निघायच्या, आणि झाड उपटलं तर मुळ्या काळ्या, कुजलेल्या.

"नजर लागली," माय म्हणायची.

"थंडीच पडली नाई औंदा," आबा म्हणायचे. (थंडी पडली त्या वर्षी ते "लई थंडी पडली" म्हणाले!)

मी म्हणालो, "रोग जमिनीत आहे!"

हे मी छाती पुढे काढून म्हणू शकलो, कारण मी पत्रक वाचलं होतं. धाडच्या आठवडी बाजारात लोक मिरच्या आणि बैल बघत हिंडायचे; मी पत्रक वाटणारा माणूस शोधत हिंडायचो. स्वदेशीचं पत्रक वाचून मी चहा सोडला. (चहा आमच्या घरी नव्हताच, पण सोडला!) दारूबंदीचं पत्रक वाचून मी आमच्या म्हशीसमोर शपथ घेतली, कारण त्या वेळी गोठ्यात दुसरं कोणी नव्हतं. आणि मग हाती आलं नागपूरहून निघालेलं शेतीखात्याचं पत्रक. एकाच वावरात सारखा गहू पेरला की मूळकूज जमिनीत आणि धसकटांत मुक्काम करते. म्हणून पीक फिरवा. गव्हाच्या जागी हरभरा, जवस घ्या. धसकटं वेचून जाळा. आणि रोगट वावराची माती औतांना, पायांना चिकटून चांगल्या वावरात जाऊ देऊ नका. इतकंच लिहिलं होतं. पण मला त्यात क्रांतीचा बिगूल ऐकू आला!

प्रश्न साधा नव्हता. माझी धाकटी बहीण सुभद्रा हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि सुपारी फुटली त्या बैठकीत मायनं व्याह्यांना सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "पंगतीत पुरणाची पोळी व्हईन, अन् घरच्याच गव्हाची व्हईन!" आता गहू कुजला तर तो बाजारातून आणावा लागणार. मायचा शब्द भर मांडवात खाली पडणार.

"आबा," मी म्हणालो, "यंदा विहिरीच्या वावरात हरभरा, अन् नाल्याकडच्या हरभऱ्याच्या वावरात गहू!"

"तिथं पाणी कोन पाजीन? तुहं पत्रक?"

"ती काळी भारी जमीन आहे. ओल धरते. कोरडवाहू गहू येतो."

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली. "बरं. एक हंगाम तुह्या हाती. पन सुभीच्या लग्नाले बाजारचा गहू आना लागला, तं हे सारे कागद चुलीत, अन् तू जन्मभर मोटेवर!"

मी त्याच दिवशी नाल्याकडच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाण्याची घागर ठेवली आणि कायदा जाहीर केला. पाय धुतल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकायचं नाही! वखर धुवायचा, खुरपं धुवायचं, बैलांचे खूरही धुवायचे. आमचा ढवळ्या शांत होता. पवळ्याला मात्र पायाला पाणी लागलेलं आवडत नसे. पहिल्याच दिवशी त्यानं मला नाल्यात बसवलं.

"काऊन रे," शेजारचे तुळशीकाका धुऱ्यावरून ओरडले, "बैलाचं लगन हाय का? पाय धुऊन राह्यला!"

"काका, तुमचेही धुवा!"

"मी आत कायले येतो? मी तं पाह्यले आलो!"

पण त्या वावराच्या कडेनं धाडच्या बाजाराची पायवाट होती. येणारी-जाणारी माणसं बघायची, की एक शिकलेला पोरगा घागरीजवळ उभा राहून सगळ्यांना पाय धुवायला लावतोय. त्यांनीही धुतले. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. जिथं पाय धुवायचे तिथं काहीतरी असणारच! आठवड्याभरात घागरीला हळदकुंकू लागलं. पुढच्या बाजारी कोणी नारळ फोडला. एका म्हातारीनं मलाच नमस्कार करून विचारलं, "बाबा, गुडघ्याचं दुखनं जाईन का?"

"आजी, इथं देव नाही! इथं मूळकूज आहे!"

"मूळकुजाई माय," म्हातारीनं हात जोडले, "सांभाळ व माय!"

मी रोज त्या घागरीचं कुंकू पुसायचो आणि अंधश्रद्धेवर बोलायचो. त्यामुळे गर्दी वाढली.

त्यात नवरात्र आलं. आमच्याकडे घटाला वावरातली माती आणतात, परडीत पसरतात, मधोमध मातीचा घट ठेवतात आणि भोवती गहू, ज्वारी पेरतात. दसऱ्यापर्यंत जे जोमानं उगवेल ते पीक यंदा साधणार, असा हिशेब. माय परडी घेऊन नाल्याकडच्या वावराकडे निघाली.

मी आडवा झालो. "माय, त्या वावरातली माती हलवायची नाही! तो कायदा आहे!"

"मंग घटाले कुठची आनू? तुह्या डोक्यातली?"

शेवटी तिनं विहिरीच्या वावरातली माती आणली. घट बसला. गहू उगवला आणि दसऱ्याच्या तोंडावर आडवा पडला. मायनं एक रोप उचललं, तर ते बुडातूनच तुटून हातात आलं. मुळ्या काळ्या. मायचा चेहरा त्याहून काळा.

"घटात गहू सडला! सुभीच्या लग्नाले... देवा!"

"घटातलं पिवळंच ऱ्हायते, उजेड नाई तिथं," आबा समजूत घालत होते.

मी मात्र हर्षानं उडी मारली! "माय, रडू नको! हाच तर पुरावा! रोग मातीत आहे, तुझ्या घटानं सिद्ध केलं!"

माझ्या या सांत्वनानंतर माय जास्तच रडली.

दसऱ्याच्या दिवशी घटाची माती वावरात नेऊन टाकायची असते, आणि मायच्या मते ती गव्हाच्या वावरातच टाकायला हवी होती. मी कायदा वाचून दाखवला. आश्चर्य म्हणजे तिनं ऐकलं! "बरं बाप्पा. नाल्यापल्याडच्या बाभळीखाली ठेवते. तिथं तं तुहं सरकार नाई ना?" मी उदार मनानं परवानगी दिली.

संध्याकाळी सारा गाव सोनं लुटायला शिवेकडे निघाला. वाट आमच्या धुऱ्यावरून. घागरीपाशी लोक पाय धुवायला थांबले. (आता ती प्रथाच पडली होती.) समोर एवढा समाज, हातात आपट्याची पानं, आणि तेवढ्यात माय परडी घेऊन बाभळीकडे जाताना दिसली! एवढी मोठी सभा आणि एवढा मोठा पुरावा एकाच ठिकाणी! पत्रकांवर वाढलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

"माय, दे इकडे!" मी परडी तिच्या हातातून घेतली. पाय नीट धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. आणि लोकांकडे तोंड करून वावरात, उंच ढेकळावर उभा राहिलो.

"बंधूंनो! ही माती पाहा! हिला तुम्ही देवी म्हणता, हिच्यात रोग आहे! पिढ्यान्‌पिढ्या आपण तेच पेरतो, तेच भोगतो! ज्या मातीनं माझ्या बहिणीच्या लग्नाचा गहू खाल्ला, त्या मातीची दयामाया करायची नाही! तिला अशी... अशी उचलून... फेकून दिली पाहिजे!"

आणि मी ती परडी दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे भिरकावली.

टाळ्या पडल्या नाहीत. तुळशीकाकांचं तोंड उघडं होतं. आबांनी डोळे मिटले. सुभद्रा तेवढी हळूच म्हणाली, "दादा, पाय धुतले होते ना?"

मी मागे वळलो. स्वच्छ, वखरलेल्या, हंगामभर जपलेल्या वावराच्या मधोमध परडी उपडी पडली होती.

त्यानंतर मी जे धावलो! लोटांगण घालून माती वेचली. ठेवायला काही नव्हतं म्हणून खादीच्या टोपीत भरली. टोपी भरल्यावर उपरण्यात भरली. बघणाऱ्यांना वाटलं, माझ्या अंगात मूळकुजाई आली! दोन बायांनी माझ्यावर हळद टाकली. सगळी माती बाभळीखाली नेऊन ओतली, परत धुऱ्यावर आलो, हुश्श केलं आणि सवयीनं टोपी झटकली. आत, वावरात.

"झटक, झटक," आबा म्हणाले, "धोतर राह्यलं."

दिवाळीनंतर पेरणी झाली आणि माझी झोप उडाली. रोज सकाळी पाय धुऊन वावरात जायचो आणि प्रत्येक पिवळ्या पानाला घाम फुटायचा. गव्हाला नव्हे, मला! सुभद्राच्या लग्नाच्या पोळ्या माझ्या एका हातवाऱ्यावर टांगल्या होत्या. पौष गेला, माघ गेला. वावर उभं राहिलं. असं गच्च, असं भरल्या ओंब्यांचं, की तुळशीकाका पाय धुऊन बघायला आले! विहिरीच्या वावरातला हरभराही झकास लागला. फक्त गव्हाच्या वावराच्या मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढा एक गोल करपून गेला होता, आणि धुऱ्यालगत टोपीच्या मापाचा दुसरा.

घरच्या गव्हाच्या पोळ्या झाल्या. मायचा शब्द राहिला. पण लग्नाआधी, गहू उभा असतानाच, व्याही वावर बघायला आले होते. सगळीकडे समाधानानं नजर फिरवून त्यांनी त्या गोलाकडे बोट दाखवलं. "एवढं सोन्यासारखं पीक, मंग हे इथं काय झालं?"

मी घसा साफ केला. शास्त्रीय कारण सांगणार, तेवढ्यात सुभद्रा पदराआडून म्हणाली, "इथं दादा बोलला होता."

आजही गावात करपलेला तुकडा दिसला की लोक विचारतात, "इथं कोन बोललं?"

तेव्हा वाचकहो, एवढं करा. यंदा गव्हाचं वावर बदला. जिथं गहू कुजतो तिथं हरभरा, जवस घ्या, धसकटं जाळा, आणि एका वावरातून दुसऱ्यात जाताना पाय जरूर धुवा. आणि तुमच्या धुऱ्यावर एखादा जोशातला तरुण भाषणाला उभा राहिला, तर त्याला बोलू द्या. त्याचं म्हणणं खरं असेल. फक्त आधी त्याच्या हातातलं काढून घ्या!