काटाताईंचे साठ फॉर्म

आमच्या रुग्णालयातल्या लठ्ठपणा विभागात वजन घेणाऱ्या बाईंना सगळे काटाताई म्हणतात. पंचवीस वर्षे त्या एकाच वजनकाट्यापाशी उभ्या आहेत. स्वतःही अंगाने भरलेल्या. आकडा सांगताना आवाज इतका खाली, की शेजारच्याला पत्ता लागू नये. मी इथला कार्यालय अधीक्षक. मार्चअखेर निवृत्त होईन, त्याआधी ही हकिगत लिहून ठेवतो.

विभागाच्या डॉक्टरबाईंनी खाण्याच्या बदलत्या सवयींवर बावीस प्रश्नांची प्रश्नावली केली होती. ती माणसाचे खरे खाणे पकडते का, हे पडताळायचे होते. त्यासाठी एकशे वीस रुग्णांना प्रश्न विचारायचे आणि त्यांनी आठवडाभर लिहिलेल्या खाण्याच्या वह्यांशी उत्तरे ताडून पाहायची. साठ रुग्ण आहारतज्ज्ञ बाईंकडे, साठ काटाताईंकडे. अट एकच, प्रश्नातला शब्दही बदलायचा नाही.

फॉर्म माझ्या टेबलावर आले. नववा प्रश्न होता, 'दोन जेवणांच्या मध्ये तुम्ही काही खाता का?' आहारतज्ज्ञांच्या साठांत 'हो' अकरा, ताईंच्या साठांत सत्तेचाळीस. मी ते दाखवले आणि डॉक्टरबाईंनी ताईंना बोलावले.

"ताई, तुम्ही लोकांच्या तोंडी उत्तरं घालताय. हे साठ फॉर्म बाद करावे लागतील."

"एक शब्द बदलला असेल तर खुशाल फाडा, मी चालले माझ्या काट्यापाशी. पण आधी या खुर्चीत बसा. मी विचारते, तुम्ही सांगा."

"मी?"

"घाबरलात का, बाई?"

डॉक्टरबाई हसत बसल्या. ताईंनी नववा प्रश्न छापल्याप्रमाणे वाचला.

"नाही." उत्तर पटकन आले.

ताईंनी ते लिहिले नाही. पेन खाली ठेवून कागदाकडे पाहत राहिल्या. ना मान हलली, ना भुवई. मलाच इतके अवघडल्यासारखे झाले, की काहीतरी बोलून टाकणार होतो.

"म्हणजे, त्याला काही खाणं म्हणत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लेकाच्या ताटात उरलेलं ओट्यापाशी उभ्यानं संपवते. टाकवत नाही ना! आणि पर्समध्ये शेंगदाणे असतात." मग जरा थांबून, "रोज." आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या.

तेव्हा कुठे ताईंनी पेन उचलले.

"हे कुठं शिकलात?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"तीन मुलगे वाढवलेत. काच कुणी फोडली, एवढंच विचारायचं आणि धुणं वाळत घालत राहायचं. तिसरा शर्ट दोरीवर जायच्या आत खरं बाहेर येतं."

"आणि नवरा?"

"त्यांना अख्खं धुणं लागतं."

दुपारी वह्या उघडल्या. मी एकेक ताडून पाहिली. नवव्या प्रश्नाला ताईंचे साठांपैकी पंचावन्न फॉर्म वहीशी जुळले, आहारतज्ज्ञांचे तेवीस. डॉक्टरबाईंनी ताईंच्या गठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने 'ग्राह्य' असे लिहिले.

विचारणाऱ्यांसाठी सूचना लिहायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, 'उत्तरानंतर दहा सेकंद थांबावे.' ताईंनी ते खोडायला लावले.

"भाऊसाहेब, तुम्ही घड्याळाकडे बघितलंत की समोरचा परत 'नाही'वर जाऊन बसतो."

आता छापील सूचना अशी आहे: 'उत्तर देणारी व्यक्ती खुर्चीत मागे रेलेपर्यंत पेन उचलू नये.'

आहारतज्ज्ञांचे साठ रुग्ण सोमवारपासून पुन्हा येत आहेत. प्रश्न आहारतज्ज्ञ बाईच विचारतील, पेन मात्र काटाताईंच्या हातात असेल.